घरातला राउटर नेमका कुणाचा?

संशोधनाचा विषय शोधताना आपण फार लांब बघतो. कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या डब्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एक साधा प्रश्न विचारून बघा: राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे? वाय-फायचा नाही, अ‍ॅडमिनचा. बऱ्याच घरांत उत्तर येईल, "नेटवाल्याकडे." संभाजीनगरकरांना हे लगेच कळतं. नळ आपला, पण वॉल्व्ह महापालिकेचा!

हा वाद जुनाच. अमेरिकेत फोनच्या लाइनला परकं उपकरण जोडायला मनाई होती. टेक्सासच्या थॉमस कार्टरने फोन आणि दुतर्फा रेडिओ यांना जोडणारा 'कार्टरफोन' विकायला काढला. एटी अँड टीने हरकत घेतली, पण १९६८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाचा निकाल कार्टरच्या बाजूने लागला. नेटवर्कला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला स्वतःचं उपकरण जोडता येईल, असा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे पाया वेगळा. १८८५ च्या कायद्याने तारयंत्रणेचा विशेषाधिकार सरकारला दिला, आणि १९३३ च्या कायद्याने बिनतारी उपकरण नुसतं बाळगायलाही परवाना लागू केला. (औरंगाबादचे १९४८ आधीचे कागद शोधताना मुंबईच्या आधी हैदराबाद गाठा, आपण निजामाच्या राज्यात होतो.) वाय-फाय राउटर हेही बिनतारी उपकरणच. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना घरात आणि घराबाहेरही परवान्यातून सूट देणारी अधिसूचना जानेवारी २००५ ची. त्याच महिन्यात बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं.

मला मात्र त्याआधीचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स होतं, म्हणून परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आणि त्याच २००४ मध्ये टीआर-०६९ हे मानक आलं, ज्यामुळे कंपनीला ग्राहकाच्या घरातला डबा दुरून हाताळता येतो. म्हणजे एका दाराने किल्ली ग्राहकाकडे आली आणि दुसऱ्या दाराने कंपनीकडे गेली. मला विचाराल तर प्रबंधाचा विषय इथे आहे.

आज फायबरच्या जोडणीत कंपनीचा ओएनटी ब्रिज मोडवर टाकून मागे स्वतःचा राउटर लावता येतो, अर्थात कंपनीने पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक दिला तर. मग डीएनएस, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, फर्मवेअर, सगळं आपल्या हातात. पण घराबाहेर पडलेला डेटा कंपनीच्याच तारेतून जातो, हे विसरून "पूर्ण स्वातंत्र्य" असं काही लिहू नका.

काम सुरू करायचं असेल तर आजच डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो काढा, फर्मवेअरची आवृत्ती आणि मेनूतले कुलूपबंद पर्याय तारखेसह टिपून ठेवा. रात्रीत अपडेट आला की हा पुरावा जातो, आणि त्याची प्रत कुठल्याही अभिलेखागारात नसते.