कावळा शिवेपर्यंत

नाशिकच्या रामकुंडावर किंवा मुंबईच्या बाणगंगेवर दहाव्याला जमलेल्या मंडळींच्या माना वर असतात. काळे तीळ घातलेला भाताचा पिंड मांडून झालेला असतो. शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी: जिलबी, वडा, कपभर चहा, कधी तंबाखूची पुडीसुद्धा. गुरुजींना पुढच्या कामाची घाई असते, पण कावळा शिवल्याशिवाय घरचं कोणी हलत नाही.

या पक्ष्याला हा मान का, याची गोष्ट रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येऊन ठेपला तेव्हा देव घाबरून प्राण्यांच्या रूपात दडले. इंद्र मोर झाला, वरुण हंस, कुबेर सरडा आणि यम कावळा. संकट टळल्यावर यमाने कावळ्याला वर दिला: तू जेवलास की माझ्या राज्यातले भुकेले तृप्त होतील. गरुडपुराणाचा हिशेब आणखी तपशीलवार. रोजच्या पिंडाने मृताचा नवा देह अवयवागणिक घडत जातो आणि दहाव्या दिवशी त्याला तहानभूक लागते.

शंकाही तितक्याच जुन्या. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा टोमणा नोंदलेला आहे: श्राद्धाने मेलेल्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला? घरीच पान वाढावं. युक्तिवाद बिनतोड, तरी प्रथा टिकली. तिचं बळ पुराणांपेक्षा कावळा येत नाही त्या अर्ध्या तासात असावं.

कावळा येत नाही म्हणजे काहीतरी इच्छा राहिली. मग कुजबुज सुरू होते: जमिनीचं का? धाकटीच्या लग्नाचं? शेवटी थोरला पुढे होऊन हात जोडतो. ‘‘अण्णा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो. आईला अंतर देणार नाही. काळजी करू नका.’’ एरवी बापासमोर तोंड न उघडणारा मुलगा हे भाऊबंदांच्या देखत बोलतो. म्हणजे साक्षीदारही आपोआप मिळाले. जाणते तेवढ्यात सगळ्यांना मागे सरायला सांगतात, कारण घोळका पाहून कावळा बिचकतो हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं! गर्दीच्या घाटावर सकाळपासून पिंड खाऊन त्याचं पोट भरलेलं असतं, ते वेगळंच. पण त्या घटकेला हे कोणी बोलून दाखवत नाही.

अशा वचनाचा जाचही होतो. महेश मांजरेकरांच्या ‘काकस्पर्श’ या 2012 सालच्या चित्रपटात पिंडाला कावळा शिवेना, म्हणून थोरला भाऊ हरी मनोमन एक शब्द देतो. तो पाळला जातो विधवा उमेच्या आयुष्याच्या मोलाने, आणि देताना तिला कोणी विचारलेलं नसतं.

सगळं कबूल करूनही कावळा फिरकला नाही, तर सोय आहे. दर्भाचा कावळा करायचा, पिंडाला लावायचा आणि आंघोळ करून घरी निघायचं. परतीच्या वाटेवर मात्र थोरल्याला कोणीतरी विचारतंच, अण्णांचं नक्की काय राहिलं होतं रे?