सदनिकेची पुनर्विक्री (महाराष्ट्र)

सदनिकेची पुनर्विक्री म्हणजे विकसकाकडून घेतलेली व वापरात असलेली सदनिका मालकाने दुसऱ्या व्यक्तीस विकणे होय. महाराष्ट्रातील शहरांत अशी सदनिका बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत असते. त्यामुळे विक्रेता व ग्राहक यांच्याबरोबरच संस्थेचाही व्यवहाराशी संबंध येतो. विक्रेत्यास कागदपत्रांची आणि वास्तूची अशी दुहेरी पूर्वतयारी करावी लागते, तर ग्राहकास सदनिकेइतकीच परिसराची पारख करावी लागते. अनेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत या एकाच व्यवहारात गुंतलेली असते.

कायदेशीर चौकट

सदनिकांची मालकी व गृहनिर्माण संस्थांचा कारभार यांस प्रामुख्याने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ (मोफा) लागू होतात. विक्रीचा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मुंबईतील जुन्या चाळींमध्ये आढळणारी पागडी पद्धत यापेक्षा वेगळी आहे. तीत मालकीचे नव्हे, तर भाडेकरूच्या हक्काचे हस्तांतरण होते.

कागदपत्रांची सिद्धता

विक्रेत्याकडे पुढील कागदपत्रे असणे अपेक्षित असते:

- मूळ करारनामा व आधीच्या सर्व हस्तांतरणांचे नोंदणीकृत दस्त, सूची क्रमांक दोनसह
- संस्थेचे भागप्रमाणपत्र
- इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र
- मालमत्ता कर, वीजदेयक व देखभाल शुल्क भरल्याच्या पावत्या
- कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा उतरविल्याचा दाखला

कर्ज पूर्ण फेडल्यानंतर ३० दिवसांत मूळ दस्त परत करणे बँकांवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार, विलंब बँकेमुळे झाल्यास तिला कर्जदारास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

मूळ मालकाच्या निधनानंतर होणाऱ्या विक्रीत विशेष अडचणी उद्भवतात. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन असले, तरी नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्यामुळे सदनिकेची एकमेव मालक ठरत नाही. वारसांचे हक्क अबाधित राहतात. म्हणून इतर वारसांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेण्याची किंवा सर्व वारसांनी खरेदीखतावर सही करण्याची पद्धत आहे. एखादा वारस परदेशी असल्यास तो भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. मात्र केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

वास्तूची तयारी

रंगरंगोटी, गळक्या नळांची दुरुस्ती, विजेच्या जोडण्यांची तपासणी व अडगळ हलविणे ही कामे सामान्यतः विक्रीपूर्वी केली जातात. गच्ची, न्हाणीघर किंवा बाहेरच्या भिंतीतून होणारी पाण्याची झिरप हा जुन्या इमारतींतील नेहमीचा दोष आहे. मूळ कारण दूर न करता दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात फुगून येतो व तेव्हा दोष लपविल्याचा आक्षेप घेतला जातो.

अंतर्गत भिंती पाडून खोल्या मोठ्या केल्या असल्यास किंवा गॅलरी बंदिस्त केली असल्यास अशा बदलास परवानगी होती का, हा प्रश्न ग्राहकाची बँक उपस्थित करू शकते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण करावयाचे असते. त्याचा अहवाल ग्राहकास उपयुक्त ठरतो.

क्षेत्रफळाबाबतही गैरसमज होतात. जुन्या करारनाम्यांत पुष्कळदा बांधीव क्षेत्र नोंदलेले असते, तर भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा म्हणजे चटई क्षेत्र होय. दोन सदनिकांच्या दरांची तुलना एकाच मापाने करणे आवश्यक असते.

परिसराची निवड

पाणीपुरवठ्याच्या वेळा, टँकरवरील अवलंबन, सार्वजनिक वाहतूक, रुग्णालय, मंडई व शाळा यांचे अंतर हे परिसर निवडण्याचे प्रमुख निकष आहेत. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ खालील २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशात घर व शाळा यांतील अंतर विचारात घेतले जाते. त्यामुळे पात्र कुटुंबांसाठी हा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो.

नदी किंवा ओढ्यालगतच्या भागात पूररेषा पाहणे आवश्यक असते. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शविते. मात्र लहान ओढेही धोकादायक ठरू शकतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने काठावरील वसाहतींत शिरून जीवितहानी केली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व अनेक सखल भाग पाण्याखाली गेले. भिंतींतील ओल आणि रस्त्यावर साचणारे पाणी या दोन्ही गोष्टी पावसाळ्यात उघड होतात. त्यामुळे घराची पाहणी त्या ऋतूत एकदा तरी करणे हितावह मानले जाते.

व्यवहाराचे टप्पे व खर्च

प्रथम विसार रक्कम देऊन पावती घेतली जाते. त्यानंतर साठेखत व शेवटी खरेदीखत होते. साठेखत हा विक्रीचा करार असून त्याने मालकी मिळत नाही. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर करावा लागतो. दसरा, गुढीपाडवा व अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर व्यवहार करण्याची, तर पितृपक्षात तो टाळण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे.

मुद्रांक शुल्क करारातील किंमत व वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर आकारले जाते. त्याचा दर मुंबईत ६ टक्के व पुण्यात ७ टक्के आहे. निवासी सदनिका महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये असते. किंमत ५० लाख रुपये वा अधिक असल्यास ग्राहकाने १ टक्का प्राप्तिकर कापून भरावयाचा असतो. विक्रेता अनिवासी असल्यास दर वेगळा व अधिक असतो.

संस्थेची भूमिका व वाद

आदर्श उपविधींनुसार सदनिका विकण्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक नाही. मात्र कर्ज देणाऱ्या बँका ते मागतात. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही. असे असूनही ‘विकासनिधी’ वा ‘देणगी’ या नावाखाली जास्त रक्कम मागितल्याच्या तक्रारी होतात.

जात, धर्म, भाषा किंवा आहार यांवरून ग्राहक नाकारला जाण्याचा प्रश्नही वेळोवेळी चर्चेत येतो. पुरेशा कारणाशिवाय संस्थेस सदस्यत्व नाकारता येत नाही. नकाराविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे दाद मागता येते.

हेही पहा

- सहकारी गृहनिर्माण संस्था
- मुद्रांक शुल्क
- महारेरा
- मानीव अभिहस्तांतरण