लेझरमधील अनिष्ट प्रकीर्णन
उच्चशक्ती लेझर यंत्रणेत धूलिकण, ओरखडे किंवा आरशाच्या लेपातील दोषांमुळे प्रकाश ठरलेला मार्ग सोडून विखुरतो. यास अनिष्ट प्रकीर्णन म्हणतात. यवतमाळलगतच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी (केंद्रीय मान्यता : एप्रिल २०२३) हा प्रश्न कळीचा आहे. तिच्या ४ किमी लांब निर्वात नळ्यांत विखुरलेला अल्पसा प्रकाशही कंप पावणाऱ्या भिंतीवरून परतून मूळ शलाकेत मिसळला, तर खऱ्या संकेतासारखा भासू शकतो. म्हणून नळीत प्रकाश अडवणारी कडी बसवतात. लेपातील प्रकाशशोषक ठिपका अधिक उपद्रवी. तो तापला की आरशाचा पृष्ठभाग तेथे किंचित फुगतो आणि शक्ती वाढवावी तसे प्रकीर्णनही वाढते. अमेरिकेतील लायगोमध्ये अशा ठिपक्यांमुळे शक्तिवाढीवर मर्यादा आल्या व काही आरसे बदलावे लागले.