घर बंद ठेवण्याच्या काळात सौर बॅटरीची देखभाल

सौर पॅनेल नीट वापरले तर वीस-पंचवीस वर्षे चालते. त्याच संचातील लेड-ॲसिड बॅटरी मात्र चार-पाच वर्षांतच बदलावी लागते आणि तो खर्च कुटुंबाला जड जातो. अनेक बॅटऱ्या तर वापरामुळे नव्हे, काही महिने तशाच पडून राहिल्यामुळे निकामी होतात. घर किंवा शाळा बंद करण्यापूर्वी थोडी तयारी केली तर हे नुकसान टाळता येते.

ही माहिती कोणासाठी?

- ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा इतर कामांसाठी काही महिने स्थलांतर करणारी कुटुंबे.
- उन्हाळी सुट्टीत बंद राहणाऱ्या निवासी शाळा व वसतिगृहे.
- हिवाळ्यात बंद राहणारी लडाख, स्पिती यांसारख्या थंड भागांतील घरे.
- सौभाग्य योजनेतून (२०१७) दुर्गम वस्त्यांवर मिळालेले २०० ते ३०० वॅटचे बॅटरीसह सौर संच वापरणारे लाभार्थी. या संचांच्या दुरुस्ती-देखभालीची तरतूद पाच वर्षांसाठी होती. ती मुदत संपल्यावर बॅटरीची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

पीएम-कुसुम योजनेतील सौर कृषिपंप सहसा बॅटरीशिवाय थेट उन्हावर चालतात. त्यांना पुढील सूचना लागू नाहीत.

पडून राहिलेली बॅटरी का खराब होते?

बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी तिचा चार्ज हळूहळू कमी होतो. पाणी भरावे लागणाऱ्या बॅटरीत हे प्रमाण महिन्याला साधारण ५ टक्के असते. उष्णता वाढली की ते आणखी वाढते. चार्ज कमी झाला की आतील प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. बॅटरी लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. मात्र आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर कडक होतो आणि नंतर कितीही ऊन मिळाले तरी बॅटरीची क्षमता पूर्ण परत येत नाही. म्हणून बॅटरी कधीही उतरलेल्या अवस्थेत ठेवू नये.

बंद करण्यापूर्वीची तयारी (किमान एक आठवडा आधी)

१. पॅनेल ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. दिवे-पंख्याचा वापर कमीत कमी करून बॅटरी दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात पूर्ण चार्ज होऊ द्यावी.

२. पाण्याची बॅटरी असल्यास चार्जिंग झाल्यावर पाण्याची पातळी पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत भरावे. विहिरीचे, नळाचे पाणी किंवा ॲसिड घालू नये. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे. सीलबंद (जेल) बॅटरी उघडू नये.

३. चार्ज तपासावा. चार्जिंग बंद करून काही तास थांबल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.५ किंवा त्याहून अधिक असावे. हायड्रोमीटर असल्यास सौर ट्युब्युलर बॅटरीत वाचन सामान्यतः १.२४० च्या आसपास येते. आपल्या बॅटरीच्या लेबलवरील आकडा ग्राह्य धरावा.

४. टोकांवर पांढरा-हिरवा थर असल्यास तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके साफ करावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा.

बंद काळासाठी दोन पर्याय

*पर्याय १ : पॅनेल व चार्ज कंट्रोलर चालू ठेवणे.* कंट्रोलर चांगल्या स्थितीत असेल आणि चोरीची भीती नसेल तर हा पर्याय सोपा आहे. दिवे, पंखा, मोबाइल चार्जर व इन्व्हर्टर मात्र पूर्ण बंद करावेत. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरही रोज थोडी वीज खातो आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरवू शकतो. पाण्याच्या बॅटरीची पातळी दर दोन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून किंवा नातेवाइकांकडून पाहून घ्यावी.

*पर्याय २ : बॅटरी सोडवून ठेवणे.* आधी पॅनेलची तार कंट्रोलरपासून सोडवावी, मग बॅटरीची. बॅटरीचे ऋण (−) टोक आधी व धन (+) टोक नंतर सोडवावे. बॅटरी सावलीत, कोरड्या व हवेशीर जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. फरशी ओलसर असेल तर खाली फळी टाकावी. पाण्याची बॅटरी महिन्यातून एकदा आणि सीलबंद बॅटरी दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण चार्ज करणे आवश्यक आहे. हे काम करणारे कोणी गावात नसेल तर पहिलाच पर्याय निवडावा.

थंड प्रदेशांसाठी

पूर्ण चार्ज बॅटरीतील द्रव उणे ४० अंशांतही सहसा गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र जवळपास पाण्यासारखा झालेला असतो. तो उणे ७-८ अंशांच्या आसपासच गोठू शकतो आणि बॅटरीचा डबा फुटतो. पॅनेलवर बर्फ साचून चार्जिंग थांबत असेल तर बॅटरी सोडवून घरात ठेवावी. गोठलेली बॅटरी चार्ज करू नये.

परत आल्यावर

- डबा फुगला, तडकला किंवा गळत असेल तर बॅटरी जोडू नये.
- जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीशिवाय पॅनेल कंट्रोलरला जोडल्यास कंट्रोलर जळू शकतो.
- व्होल्टेज १२.२ पेक्षा कमी असल्यास दोन-तीन दिवस फक्त चार्जिंग करावे, दिवे लावू नयेत.
- त्यानंतरही एखाद्या खान्याचे हायड्रोमीटर वाचन इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी असेल तर तो खाना खराब झाला असण्याची शक्यता आहे. वॉरंटी कार्ड घेऊन विक्रेत्याकडे जावे.

सुरक्षितता

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी, काडी, दिवा किंवा चूल नसावी आणि खिडकी उघडी असावी. काम करताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, हातातील कडे-अंगठी काढून ठेवावी. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

बॅटरी निकामी झाल्यास

ती फोडू नये, ॲसिड जमिनीत किंवा ओढ्यात ओतू नये. आतील शिसे विषारी असून लहान मुलांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी. तिच्या बदल्यात किमतीत सूटही मिळते, तेव्हा ती अवश्य मागावी.

लक्षात ठेवा : पूर्ण चार्ज करा, भार बंद करा, अधूनमधून चार्ज तपासा. एवढे केले तर परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी घरात दिवा लागेल.