पूर्णाखोऱ्यातील मिठाच्या विहिरी

अकोट-अचलपूरच्या सपाट काळ्या रानातून उत्तरेला पाहिले, की गाविलगडाचे डोंगर एकदम भिंतीसारखे उभे दिसतात. त्यांच्या पायथ्याशी भूकवचात लांबलचक भेग आहे. भूवैज्ञानिक तिला गाविलगड विभंग म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचले, आणि पुढे या भेगेच्या दक्षिणेची बाजू खचली. त्या खोलगट भागात पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी गाळ भरला. काही ठिकाणी तो चारशे मीटरच्या आसपास जाड आहे.

या गाळातले पाणी खारे आहे. येथे पूर्वी समुद्र होता, असे अनेक जण सांगतात. पण गाळ नद्यांचा आहे. निचरा नीट न झालेल्या खोलगट भागात कोरड्या हवेने पाणी आटत गेले आणि क्षार मागे राहिले, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

या खाऱ्या पाण्यावर एकेकाळी मिठाचा धंदा चाले. अकोल्याच्या उत्तरेला दहीहंडा हे त्याचे मुख्य ठिकाण. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड यांनी तापी खोऱ्यावरील १८६९च्या लेखनात या विहिरींची नोंद केली आहे. चिकणमाती आणि वाळूचे थर फोडत शंभर-सव्वाशे फूट खाली गेले, की वाळू-खड्यांचा थर लागे आणि त्यातून खारे पाणी येई. ते उपसून आटवले, की मीठ हाती येई. विहीर खणणाऱ्याला कोणत्या थरापर्यंत जायचे हे ठाऊक असल्याशिवाय इतक्या खोल जाण्याचे धाडस झाले नसते. हे ज्ञान कागदावर फारसे उतरले नाही, याची हळहळ वाटते.

धंदा गेला, खारेपण राहिले. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला हा प्रदेश आज खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. विहिरीचे पाणी शेताला दिले, तर त्यातल्या सोडियममुळे जमीन चोपण होते, पाणी मुरेनासे होते. म्हणून येथील कापूस, तूर आणि मूग पावसाच्या भरवशावर, तर हरभरा मुरलेल्या ओलीवर. पिण्याच्या पाण्याचे हाल तर पिढ्यानपिढ्या झाले. अकोला जिल्ह्यातील ८४ खेडी पाणीपुरवठा योजनेला पाणी मिळते ते सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीवरच्या धरणाचे.