गालापागोस द्वीपसमूह

पॅसिफिक महासागरातील एक्वादोरचा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह. मुख्य भूमीपासून पश्चिमेस सुमारे १,००० किमी. विषुववृत्त यातूनच जाते, तरी थंड सागरी प्रवाहांमुळे येथे पेंग्विन टिकून आहेत. सर्वांत नवलाचा प्राणी समुद्री इग्वाना. हा सरडा समुद्रात बुडी मारून शेवाळ खरवडून खातो, मग काळ्या खडकावर ऊन खात नाकपुड्यांतून खारे पाणी फवारतो. ते डोक्यावर वाळून पांढरा थर चढतो. येथील प्राणी माणसाला बुजत नाहीत. खलाशांनी याचा पुरेपूर गैरफायदा घेतला : अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगणारी महाकाय कासवे त्यांनी जहाजांवर जिवंत साठा म्हणून भरून नेली. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये येथे आला होता.

राष्ट्रीय उद्यान १९५९ मध्ये घोषित झाले. सुमारे ९७ टक्के जमीन त्यात मोडते. बाल्ट्रा व सान क्रिस्तोबाल येथे विमानतळ आहेत. उद्यानातील बहुतेक स्थळी परवानाधारक वाटाड्या सक्तीचा असून प्राण्यांपासून किमान २ मीटर अंतर राखावे लागते. हे निर्बंध जाचक वाटले तरी रास्तच आहेत. ऑगस्ट २०२४ पासून बहुतांश प्रौढ परदेशी पर्यटकांना प्रवेशशुल्क २०० डॉलर आहे. परकी बियाणे व किडे येऊ नयेत म्हणून विमानात चढण्यापूर्वीच सामान तपासले जाते.