नेमाची पोथी आणि ख्रिस्तपुराण

फादर स्टीफन्स यांनी मराठीच्या गौरवार्थ लिहिलेल्या ओव्या मराठी शाळांत न ऐकलेला विद्यार्थी विरळाच. भाषादिनाच्या समारंभात त्या हमखास म्हटल्या जातात, निबंधात उद्धृत होतात, आणि एका परदेशी धर्मोपदेशकाने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण त्या अभिमानाने मिरवतो. परंतु ज्या ग्रंथात त्या आल्या, त्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, याची जाणीव आपणांपैकी किती जणांना असते? हा ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला, कोणत्या दिवशी, कोणत्या स्थळी तो वाचला जाई, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून बोध कसा घ्यावा अशी ग्रंथकाराची योजना होती, हे प्रश्न मागेच राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही ख्रिस्तपुराणाचा विचार काव्यग्रंथ म्हणून नव्हे, तर एक नेमाची पोथी म्हणून करणार आहोत.

नेमाची पोथी म्हणजे काय, हे पेडणे आणि डिचोली या महालांतील वाचकांना सांगावयास नको. श्रावण लागला की घरोघरी किंवा देवळाच्या चौकात पोथी लावण्याची रीत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोठे हरिविजय, कोठे रामविजय, कोठे पांडवप्रताप. रोज एक अध्याय. एकाने ओव्या वाचावयाच्या, दुसऱ्या जाणत्याने अर्थ सांगावयाचा, आणि इतरांनी ऐकावयाचे. कथा सर्वांना ठाऊक असते. पुढे काय झाले हे जाणून घेण्यासाठी तेथे कोणी येत नाही. द्यूताचा प्रसंग आला की धर्मराजाचे चुकले कोठे, भीष्मद्रोण गप्प का राहिले, याची चर्चा श्रोत्यांतूनच निघते, आणि त्या दिवसाचा बोध त्या चर्चेतून प्रत्येक जण आपापल्या घरी घेऊन जातो. पेडण्यातील पालये गावी जन्मलेल्या सोहिरोबानाथ आंबिये यांच्यासारखा अध्यात्मकवी या भूमीत अठराव्या शतकात निपजला, त्यामागे श्रवणाची ही जुनी मशागत होती असे म्हणावयास हरकत नाही.

ही परंपरा पेडण्यात आणि डिचोलीत अखंड राहिली याला एक राजकीय कारण आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली; बारदेश व साष्टी १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. डिचोली मात्र १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्याकडे कायमचे गेले. तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि या नव्या काबिजादीत प्रजेच्या देवाधर्मास हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. जुन्या काबिजादीत जे घडले ते याच्या अगदी उलट होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले, आणि देव नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे गावी आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, हे सर्वश्रुतच आहे. पण दिवाडीहून देव नार्व्यास आला, तशी पोथी येऊ शकली नाही, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. १५५९ मध्ये एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातील ग्रंथसंग्रह उचलून नेऊन तो येशूसंघीय पाद्र्यांच्या हाती देण्यात आला, असे त्यांच्याच पत्रांतून कळते. अशा मार्गाने मिळालेल्या मराठी व कोंकणी पोथ्यांच्या रोमन लिपीत उतरविलेल्या नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. त्यांत केळशीच्या कृष्णदास शामा यांची रचनाही आहे. पोथ्या नेणाऱ्यांनीच त्या जपून ठेवल्या, हा इतिहासाचा मोठा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

देऊळ गेले, पोथी गेली. पण पोथी ऐकण्याची सवय गेली नाही. ही गोष्ट स्टीफन्स यांच्या ध्यानी आली, आणि तेथेच ख्रिस्तपुराणाचा उगम आहे. ग्रंथारंभीच त्यांनी एक प्रसंग रचिला आहे. साष्टीत मुलांना ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे शिकवून झाल्यावर एक ब्राह्मण पुढे येतो. पाठ करावयाची ही तत्त्वे उत्तमच आहेत, असे तो नम्रपणे सांगतो. परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर मग त्यांसारखे एखादे पुराण आमच्या भाषेत तुम्ही आम्हांस का देत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. ग्रंथकाराने हा प्रश्न स्वतःच्या मुखी न घालता श्रोत्याच्या मुखी घातला, यात आम्हांस फार मोठा अर्थ दिसतो. प्रश्नोत्तरांची पाठावळ माणसाला नियम देते. पण नियमाने मन भरत नाही. मनाला कथा लागते, आणि तीही वारंवार, थोडी थोडी, चारचौघांत बसून ऐकलेली.

ही मागणी पुरवावयास योग्य असाच पुरुष गोव्यात होता. थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडातील विल्टशर परगण्याचे. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास पोहोचले, आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तले; मधली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत घालविली. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी असल्याचे नोंदविले आहे. दोन शतकांनंतर युरोपातील पंडितांनी जो संबंध शास्त्रीय रीतीने सिद्ध केला, त्याची चाहूल या पाद्र्याला साष्टीच्या शेतकऱ्यांची बोली ऐकून लागली होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला लिहून या भाषेच्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. ते काम झाले नाही, म्हणून १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैले पुराण जुन्या कराराचे, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या प्रतीक्षेपर्यंत, छत्तीस अवस्वरूंचे. दुसरे पुराण ख्रिस्तचरित्राचे, एकोणसाठ अवस्वरूंचे. अवस्वरू म्हणजे अध्याय. भाषा मराठी, परंतु शुद्ध मराठी सामान्य जनांस अवघड जाते म्हणून ब्राह्मणी कोंकणीतील सोपे शब्द तीत मिसळले आहेत, असे स्टीफन्स यांनी प्रस्तावनेत सांगून ठेविले आहे. ऐकणाऱ्याला समजले पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती.

आता बोधाचा प्रकार पाहू. स्टीफन्स कथा सांगतात, ती ओवीच्या संथ चालीने. मध्येच श्रोता शंका काढतो, आणि पाद्रीगुरू तिचे निरसन करतात. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांतील वक्ता-श्रोत्यांचा संवाद ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना ही रचना परकी वाटणारच नाही. परिणामी बोध कथेच्या शेवटी चिकटवावा लागत नाही. तो श्रोत्याच्या शंकेतून जन्म घेतो. ऐकणाऱ्याचा जुना संस्कार, त्याचे जुने शब्द, त्याच्या जुन्या शंका यांना येथे दार बंद नाही. ख्रिस्ती स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास ग्रंथकार कचरत नाहीत. लंडनमध्ये असलेल्या, मार्सडन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात तर पोर्तुगीज शब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्दच आढळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन ॲबट यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर देवळात ख्रिस्तपुराणाचे वाचन होत असे, आणि लोक ते आवडीने ऐकत असत. म्हणजे पोथीचा नेम मोडला नव्हता. चौकातून उठून तो इगर्जीत जाऊन बसला होता. शापोरा नदीच्या उत्तरेस पेडण्यात आणि मांडवीच्या पलीकडे डिचोलीत एक पोथी वाचली जात होती, अलीकडे साष्टीत दुसरी. दैवते निराळी, कथा निराळ्या. परंतु ओवी तीच, आणि ऐकण्याची रीतही तीच.

हा नेम पुढे मोडला, तो श्रोत्यांच्या कंटाळ्यामुळे नव्हे. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्व्होर याने आज्ञा काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. आज्ञेने भाषा मरत नाही; परंतु ज्या भाषेत देवाची कथा ऐकावयाची, तीच हलकी ठरली की श्रोत्याची मान खाली जाते. १६५४ नंतर अडीचशे वर्षे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला नाही. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र त्याच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या आणि घराघरांत वाचल्या. टिपूच्या काळात श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात या ओव्यांनीच धीर दिला, अशी आठवण मंगळुरी समाजात सांगितली जाते. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथाची आवृत्ती काढली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणून मराठी वाचकांच्या हाती दिला. राजसत्तेने टाकलेला ग्रंथ नित्यवाचनाने तगविला, हे येथे विसरता येत नाही.

या इतिहासाकडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाने भारावून ज्या सक्तीच्या छायेत हा ग्रंथ जन्मला ती पुसून टाकणे हे एक टोक. ग्रंथातील ब्राह्मणाचा प्रश्नच त्या सक्तीची साक्ष देतो. पुराणे वर्ज्य झाली नसती, तर दुसरे पुराण मागण्याची वेळ त्याच्यावर आली नसती. आणि सक्तीचा राग धरून अकरा हजार ओव्यांचे हे मराठी धन परके मानणे, हे दुसरे टोक. ज्यांनी ते दीडशे-दोनशे वर्षे हृदयाशी धरिले ती माणसे आपलीच होती. त्यांचा धर्म बदलला. ओवी बदलली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) कॅथलिक उपासनेत लोकभाषांना स्थान दिले, आणि १९६९ मध्ये आलेल्या नव्या वाचनक्रमाने रविवारची वाचने तीन वर्षांच्या व इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात बसविली. नेमाने, थोडे थोडे, आपल्या भाषेत वाचावे आणि त्यावर चिंतन करावे, हे तत्त्व त्यामुळे जगभर रूढ झाले. साष्टीच्या त्या ब्राह्मणाने साडेतीन शतकांपूर्वी याहून वेगळे काय मागितले होते?

आम्हां शिक्षकांस या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. धडा वाचून झाला की ‘या धड्यापासून कोणता बोध मिळतो?’ असा प्रश्न आपण विचारतो, आणि उत्तरही आपणच फळ्यावर लिहून देतो. मुले ते उतरून घेतात. बोध मात्र वहीतच राहतो. पेडण्याच्या चौकातील पोथी आणि राशोलचे पुराण या दोहोंची रीत निराळी होती. तेथे वाचन रोजचे किंवा आठवड्याचे, भाषा ऐकणाऱ्याची, आणि पहिला प्रश्नही ऐकणाऱ्याचाच. एवढ्या तीन गोष्टी वर्गात आल्या, तर बोध शिकवावा लागणार नाही. स्टीफन्स यांच्या चार ओव्या मुलांकडून पाठ करवून घेताना, त्या ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिल्या गेल्या तो प्रश्नही त्यांना एकदा सांगावा. शंका विचारणारा विद्यार्थी वर्गाची शिस्त मोडत नाही. तो एका थोर परंपरेचा वारस आहे, हे त्यांना आणि आम्हांलाही त्यातून कळेल.